जगदीश सरांची सही

रविवारी सकाळी चहा पिता पिताच सोनाबाईंनी जाहीर करून टाकलं की आज पोपटी लावायची, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या, शेतावरच, आणि घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं. ‘झाडून सगळ्यांनी’ म्हणताना त्यांनी आधी थोरल्या सुनेकडे पाहिलं, मग धाकटीकडे. गेले दोन आठवडे हर्षला आणि नम्रता या दोघी जावा एकाच ओट्यापाशी पाठीला पाठ लावून स्वयंपाक करत होत्या. बोलणं बंद असल्यामुळे सोनाबाईंच्या चहात साखर एक तर दोनदा पडायची नाही तर पडायचीच नाही. पण म्हातारीने चहाचा विषय काढला नाही. वालाच्या शेंगा भरल्यात, आणखी आठ दिवसांनी निबर होतील, एवढंच म्हणाली.

भांडण कशावरून होतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोशीरच्या अलीकडचं हे गाव, त्याची जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा, आणि सोनाबाईंचा थोरला मुलगा जगदीश तिचा मुख्याध्यापक. सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञानाची जागा कितीतरी दिवस रिकामी. वरून कुणी शिक्षक येईना, तेव्हा गावाने वर्गणी काढून धाकट्या किशोरच्या बायकोला, म्हणजे नम्रताला, फळ्यापुढे उभं केलं. नम्रता मोहोपाड्याची, कंपनीच्या कॉलनीत वाढलेली, बीएस्सी झालेली. शिकवायला लागली ती अशी, की आठवीची पोरं सुट्टीच्या दिवशी ओटीवर येऊन “काकी, आज तास हाय का?” म्हणून विचारायला लागली. सगळं झकास होतं. फक्त तिच्याकडे ना डीएड, ना बीएड, ना ती टीईटी म्हणतात ती पात्रता परीक्षा. कागदावर ती शिक्षिका नव्हतीच.

आणि मग दिवाळीनंतर मोकळीक आली. जिल्ह्यातल्या काही निवडक शाळांना नियमांतून सूट द्यायचं ठरलं, त्यात या शाळेचं नाव लागलं. रिकाम्या जागेवर शाळा समितीने आपल्या पसंतीचा माणूस घ्यावा. विषयाची पदवी हवी, बाकीची प्रमाणपत्रं त्याने शिकवता शिकवता तीन वर्षांत मिळवावीत. अट एकच. तोवर टीईटी पास असलेल्या एखाद्या शिक्षकाने मार्गदर्शक म्हणून सही करायची, आठवड्यातून एकदा त्या नव्या माणसाच्या तासाला बसायचं आणि चुकलंमाकलं सांगायचं. समितीने एका दमात नम्रताचं नाव काढलं. सही मुख्याध्यापकच करणार, त्यात विचारायचं काय?

तर जगदीशने सही केली नाही.

“हा तत्त्वाचा प्रश्न आहे,” तो म्हणाला. समितीपुढे म्हणाला, ओटीवर म्हणाला, सलूनमध्ये गळ्याला फडकं बांधलेलं असतानाही म्हणाला. “आज गणिताला सूट, उद्या भाषेला सूट, परवा म्हणाल शाळेलाच सूट. मग आम्ही डीएड केलं ते काय गवत कापायला?” बोलायला तो पटाईत, त्यामुळे निम्म्या गावाला पटलंसुद्धा. हर्षलाला तर इतकं पटलं की नवऱ्याच्या तत्त्वापायी तिने जावेशी अबोला धरला.

खरी गोष्ट निराळीच होती, आणि ती जगदीशशिवाय कुणालाही माहीत नव्हती. मागे कोर्टाचा निकाल आला, की जुन्या शिक्षकांनीही ही परीक्षा पास व्हायची. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील त्यांना सुटका नाही. जगदीशची सात उरलेली. ‘अलिबागला ट्रेनिंग आहे’ अशी घरी थाप मारून तो नोव्हेंबरात गुपचूप परीक्षेला बसला, आणि जानेवारीत निकाल लागला तेव्हा गणितात त्याची दांडी गुल झाली होती. म्हणजे बघा, ज्या सहीवरून घरात आग लागली होती, ती सही करायचा अधिकारच त्याला नव्हता. ‘करता येत नाही’ म्हणायची लाज वाटली म्हणून बिचारा ‘करणार नाही’ म्हणत सुटला होता.

आणि उद्या सोमवार. उद्या कागद गेले नाहीत तर शाळेची मोकळीक त्या जागेपुरती रद्द होणार होती, आणि खोपोलीच्या एका खासगी शाळेने नम्रताला उद्यापर्यंतच होकार कळवायला सांगितलं होतं. नम्रता गेली की सहावी ते आठवीचं गणित गेलं. मुख्याध्यापक म्हणून हे जगदीशला इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं, म्हणूनच रात्र रात्र त्याला झोप नव्हती.

ऊन कलायला लागलं तशी मंडळी शेतावर जमली. भात निघाल्यावर ओलीवर टाकलेला वाल यंदा चांगला लागला होता. बांधाकडेच्या सपाट जागेवर जगदीशने दोन्ही बाह्या सरसावून ताबा घेतला. पोपटी लावायची तर जगदीशनेच, हा घरातला रिवाज. वडील गेल्यापासून मडकं त्याच्याकडे आलं होतं आणि आजवर त्याची पोपटी कधी कच्ची राहिली नव्हती, कधी करपली नव्हती. शाळेत तपासणी अधिकारी आला तरी तो इतका ताठ उभा राहत नसे.

“किशोर, भांबुर्डा नीट झटकून घे. माती नको.”

“घेतला, दादा.” किशोर पाल्याचा भारा टाकत म्हणाला. तो खोपोलीत कारखान्यात पाळी करायचा. आज सुट्टी टाकून आला होता. “तुझ्याकडं पोपटीचं प्रमाणपत्र हाय ना, पण? नायतर आमी खायची कशी?”

जगदीश काटक्या मोडायला लागला. नम्रता ओठ दाबून शेंगांना मीठ आणि ओवा चोळत होती. हर्षला केळीच्या पानात मसाला लावलेल्या कोंबडीच्या पुड्या बांधत होती, आणि दोघींच्या मधोमध सोनाबाई पाटावर बसून इकडचा निरोप तिकडे करत होत्या.

“हर्षला विचारतेय, अंडी किती घालायची?”

“ताईंना सांगा, आई, माणशी दोन.”

“ऐकलं मी, आई,” हर्षला सासूला म्हणाली. “कान शाबूत आहेत.”

“मंग मला कशाला मधी घालता?” सोनाबाई म्हणाल्या. “मी काय टपालवाला हाय?”

एवढ्यात बांधावरून स्कूटीचा आवाज आला आणि सुप्रिया उतरली. जगदीशची थोरली लेक. पहिल्याच फटक्यात टीईटी पास झाली, पुढच्या भरतीत लागलीसुद्धा, आणि आता खालापूर तालुक्यात एका शाळेवर पहिली-दुसरीला शिकवत होती. रविवारी ती घरी यायचीच. लेकीला पाहिलं की जगदीशची छाती नेहमी दोन बोटं फुगायची. या महिन्याभरात मात्र ती समोर आली की त्याला कुठेतरी बघायला लागायचं. आपल्या पोरीने जी परीक्षा हसत दिली तिच्यात आपण आपटलो, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं.

“पप्पा, बारीक झालात,” ती म्हणाली.

“कुठे? काही नाही. तू शेंगा घे.”

मडक्याच्या बुडाशी पाला, मग शेंगा, मग बटाटे, रताळी, अंडी, पुड्या, वर पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला गच्च कोंबून जगदीशने मडकं सफाईने उलटं केलं, जमिनीवर टेकवलं, आणि भोवती पेंढा, शेण्या, सुक्या काटक्या रचून आग दिली. धूर सुटला. त्या वासाने सगळ्यांचेच चेहरे जरा सैल झाले, आणि नेमका त्याच वेळी संतोष बांधावरून येताना दिसला.

संतोष शाळा समितीचा अध्यक्ष. दूध घालायचा, टेंपो चालवायचा, आणि गावातली कुठलीही बातमी त्याच्या टेंपोतून दुधाबरोबर घरोघर पोचायची. माणूस मनाने चांगला, पण पोटात काही ठरत नसे.

“वास आला म्हनून आलो,” तो बसत म्हणाला.

“अजून वास सुटला नाय,” किशोर म्हणाला.

“मंग सुटंल म्हनून आलो.” त्याने जगदीशकडे पाहिलं. “सर, आता फिरवून बोलत नाय. उद्या अकरा वाजता मला कागद घेऊन कर्जतला जायचंय. बाकीच्या सह्या झाल्या. तुमची तेवढी राहिली.”

“मी माझं म्हणणं सांगितलंय, संतोष.”

“सांगितलंत. समद्या गावानं ऐकलं. पन आता पोरांचं काय ते सांगा.”

जगदीशने काठीने निखारा सारखा केला. तो सारखाच होता.

“दादाला नसंल करायची तर नसू दे,” किशोर म्हणाला. गेला आठवडाभर त्याच्या मनात घोळत होतं ते शेवटी त्याने बाहेर काढलं. “सुप्रिया हाय की. पास हाय, नोकरीत हाय. मार्गदर्शक दुसऱ्या शाळेतला चालतो, संतोषनं विचारलंय केंद्रप्रमुखांना. नात्यातला नको असंपन कुठं म्हटलेलं नाय.”

सगळ्यांच्या माना सुप्रियाकडे वळल्या. ती शेंग सोलता सोलता थांबली.

“मी करीन, काका. पण पप्पांनी सांगितलं तर. ते स्वतः मुख्याध्यापक असताना मी परस्पर येऊन सही ठोकली तर लोक काय म्हणतील? बापाला ओलांडून गेली म्हणतील.”

“म्हणतीलच,” हर्षला म्हणाली. “आणि बरोबर म्हणतील. या घरात असं कधी झालेलं नाही.”

“अगं, पन घरातल्याच मानसाचं काम हाय ना, वैनी,” किशोर म्हणाला.

“घरातल्या माणसाचंच आहे म्हणून तर. यांना काही कारण असेल तेव्हाच नाही म्हणतायत ना?”

जगदीशला घाम फुटला. आग जवळ होती म्हणून खपून गेलं.

तेव्हा नम्रता पहिल्यांदा बोलली. तिने हात पदराला पुसले आणि जगदीशकडे न बघता, आगीकडे बघत म्हणाली, “मला पण नको तसं. दादांनीच मला शाळेत उभं केलं. पहिल्या दिवशी माझे पाय लटपटत होते तर दारात खुर्ची टाकून बसले होते, पोरांनी दंगा करू नये म्हणून. त्यांच्या मनात नसेल तर मला त्यांच्या डोक्यावरून जायचं नाही. खोपोलीचं काही वाईट नाही. किशोरबरोबर गाडीवर जाईन, गाडीवर येईन.”

“आनि आठवीची पोरं?” संतोषने विचारलं.

नम्रता खाली वाकून सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागली. 

जगदीशला ते दारातल्या खुर्चीचं आठवतही नव्हतं. या पोरीने मात्र ते धरून ठेवलं होतं, आणि आता त्याची अब्रू राखायला आपली शाळा सोडून निघाली होती. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की उठून वालाच्या शेतात चालत जावं आणि पलीकडून परत येऊच नये.

“सर,” संतोष काही सोडायला तयार नव्हता, “तत्त्व बाजूला ठेवा. मला साध्या भाषेत सांगा. तुमाला नम्रताचं शिकवनं पटत नाय का?”

“पटतं.”

“मंग मानूस म्हनून काय खोट काढलीत?”

“काही नाही.”

“मंग सही का नाय?”

आग धडधडून पेटली होती. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, लेकसुद्धा. जगदीशने घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून आलं ते असं:

“पोपटी झाली. काढा.”

“एवढ्यात?” किशोर म्हणाला. “दादा, आत्ता तर शेण्या लागल्यात. पानी तरी मारून बघ.”

पोपटी झाली की नाही हे बघायची एक साधी रीत. तापल्या मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडायचे. चुर्र करून तिथल्या तिथे उडाले तर झाली. दर वर्षी जगदीश हे डॉक्टरने नाडी बघावी तसा करायचा. आज त्याने तांब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मला कळतं. तीस वर्षं लावतोय. काढा म्हटलं ना.”

आता पोपटीच्या बाबतीत या घरात जगदीशचा शब्द शेवटचा. किशोरने निमूटपणे आग बाजूला ओढली. मडकं ओल्या गोणपाटात धरून उचललं, पाला उपसला, आणि केळीच्या पानांवर ते ओतलं.

शेंगा शेतात होत्या तशाच हिरव्यागार. बटाटा पानावर दगडासारखा वाजला. संतोषने मोठ्या आशेने एक अंडं उचललं, फोडलं, आणि ते त्याच्या बोटांतून ओघळून मनगटापर्यंत गेलं. कोंबडीची पुडी हर्षलाने उघडली आणि लगेच मिटली.

 वडिलांच्या माघारी इतक्या हिवाळ्यांत हे पहिल्यांदाच घडत होतं. जगदीश पानाकडे बघत उभा होता. आता मान वर करायची तर कुणाकडे बघून करायची, हे त्याला समजेना.

आणि मग सोनाबाईंना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग दात नसलेलं तोंड उघडलं, मग त्या पाटावरून कलंडायच्या बेतात आल्या. त्यांचं बघून सुप्रिया हसली, किशोर तर बांधावर लोळायला लागला, आणि हर्षला, जी दोन आठवडे हसली नव्हती, ती नम्रताच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटली. कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवलंय हे लक्षात आल्यावरही तिने ते काढलं नाही.

“ये रं इकडं,” सोनाबाई डोळे पुसत जगदीशला म्हणाल्या. “उभा काय ऱ्हायलास? कच्ची ऱ्हायली तर ऱ्हायली. परत लावू. पाला बांधावर हाय, शेन्या हायेत, आमी कुठं पळून चाललोय?”

“आई, असं कधी झालं नव्हतं.”

“आज झालं. तुझ्या बापाची तर दर साली एक व्हायची. तू लहान होतास, तुला काय म्हाईत. कच्च्या शेंगा खाल्ल्यात आमी, वर पानी प्यालोय.”

जगदीशला हे नवीनच होतं. वडिलांची पोपटी म्हणजे शेवटचा शब्द, असं तो आजवर धरून चालला होता.

किशोर नवा पाला तोडून घेऊन आला. नम्रता आणि हर्षला आता एकाच पानाशी बसून मडकं पुन्हा भरत होत्या आणि सोनाबाईंना कुणी निरोप सांगत नव्हतं. मडकं पुन्हा उलटं झालं, आग पुन्हा पेटली. जगदीश निखाऱ्यांच्या पलीकडे उभा राहिला. हात मागे बांधले, सोमवारी प्रार्थनेनंतर बांधतो तसे.

“मला दोन शब्द बोलायचेत.”

“भाषण नको, दादा,” किशोर म्हणाला. “पोटात कावळे ओरडतायत.”

“भाषण नाही. मी नापास झालोय.”

सोनाबाईंना वाटलं तो पोपटीबद्दल बोलतोय. “आरं सोड आता ते.”

“ते नाही, आई. परीक्षेत नापास झालोय. टीईटीच्या.”

“या वयात तुला परीक्षेला कुनी बसवलं?”

“सुप्रीम कोर्टाने.”

सोनाबाईंनी किशोरकडे पाहिलं. थोरल्याला ऊन लागलंय का, असा त्यांचा चेहरा झाला. मग जगदीशने सगळं सांगितलं. निकाल, अलिबाग, गणित. संतोष समोर बसलाय, म्हणजे उद्या दुधाबरोबर हे घरोघर जाणार, हे त्याला दिसत होतं, तरी सांगितलं. “मार्गदर्शक पास असावा लागतो. मी नाही. म्हणून सही केली नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं. नम्रता, तुझ्यासारखं गणित या शाळेत कुणी शिकवलं नाही, मी तर नाहीच नाही. हे दोन आठवड्यांपूर्वी म्हणायला हवं होतं. लाज वाटली.”

पहिली बोलली ती हर्षला, आणि ती अजिबात हसत नव्हती.

“अलिबागचं ट्रेनिंग म्हणजे परीक्षा होती?”

“हो.”

“मी डब्यात घावणे दिले तुम्हाला. परीक्षा आहे म्हणाला असतात तर हातावर दही-साखर घातली असती. देवापुढे दिवा लावला असता. पोरीच्या परीक्षेला लावला, तुमच्या नसता लावला का मी?” तिचा आवाज चढला. “आणि दोन आठवडे मी हिच्याशी बोलले नाही. तुमची बाजू घेऊन. आणि तुमची बाजूच नव्हती.”

“चुकलं.”

“माझी माफी नका मागू. आधी हिची मागा.”

“मागितली की आत्ता,” किशोर म्हणाला.

“तू गप रे. नीट मागू दे.”

जगदीशने नम्रताकडे बघून हात जोडले. नम्रता गडबडून उभीच राहिली, पदर सावरला. “अहो दादा, काय हे. बसा ना.” घरात थोरल्या दिराने धाकट्या भावजयीपुढे हात जोडलेले तिने कधी पाहिले नव्हते. तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि कुठलं आधी येऊ द्यावं ते तिला ठरवता येईना.

राहिली सुप्रिया. ती गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती. जगदीशला तिच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

“मार्क कुठे गेले?” तिने विचारलं. अगदी बाई विचारतात तसं.

“सांगितलं ना, गणितात.”

“गणितात कुठे? काम-काळ-वेग?”

“ते आणि शेकडेवारी. नफा-तोटा पण.”

“वेळ पुरला नाही की आलंच नाही?”

“आलंच नाही, सुप्रिया.”

तिने मान हलवली. “मी अभ्यास करायचे तेव्हा पहाटे उठून तुम्ही चहा करून द्यायचात. दोन वर्षं. एकदाही म्हणाला नाहीत की झोप मोडते. आणि स्वतःच्या वेळेला एकटे बसलात. मला सांगितलं असतंत तर मी काय हसले असते?”

 निखाऱ्यांचा धूर डोळ्यांत गेल्याचं जगदीशने सोंग केलं, पण धूर त्याच्याकडे येतच नव्हता.

“तू सही कर,” तो शेवटी म्हणाला. “नम्रतासाठी.”

“तुम्ही सांगताय म्हणून?”

“मी सांगतोय म्हणून. आणि मला करता येत नाही म्हणून.”

“झालं तर,” संतोष म्हणाला. त्याने खिशातून घडी घातलेले कागद काढले आणि पेनासाठी सगळे खिसे चाचपायला लागला.

“थांबा,” नम्रता म्हणाली. “माझी एक अट आहे.”

सगळे थबकले. या घरात धाकटी सून अट घालतेय हेही पहिल्यांदाच होत होतं. आज एकूण दिवसच तसा निघाला होता.

“सुप्रिया आठवड्यातून एकदा येईल. पण दादांनी रोज यायचं. माझ्या सहावीच्या तासाला. या आठवड्यात शेकडेवारी घेतेय, पुढे नफा-तोटा. घरी शिकवायला बसले तर दादा मोठे आणि मी धाकटी, मला त्यांना चुकलं म्हणता यायचं नाही. वर्गात म्हणता येईल. पुढची परीक्षा होईपर्यंत मागच्या बाकावर बसायचं.”

“पोरांसमोर?” जगदीशने विचारलं.

“पोरांसमोर.”

“पोरं म्हणतील, सरांना गणित येत नाही.”

“मंग खोटं काय म्हनतील?” सोनाबाईंनी विचारलं.

त्यावर किशोर पुन्हा बांधावर आडवा झाला. सुप्रियाने संतोषच्या टेंपोच्या चावीला अडकवलेलं पेन शोधून काढलं, कागद मांडीवर ठेवला आणि सही केली. या खेपेला जगदीशने मडक्यावर पाणी शिंपडलं तेव्हा थेंब चुर्रकन उडाले, पण त्याने काढा म्हणायच्या आधी आईकडे पाहिलं. शेंगा लोण्यासारख्या शिजल्या होत्या. संतोषने सहा अंडी खाल्ली.

मंगळवारी चौथ्या तासाला जगदीश सहावीच्या वर्गात गेला. पोरं उभी राहिली. त्याने हाताने बसायची खूण केली आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला टेकायला आले. बातमी संतोषच्या टेंपोतून आधीच फिरलेली असल्यामुळे कुणी काही विचारलं नाही, नुसतीच माना वळवून वळवून बघत राहिली. एक-दोघांनी हसू दाबलं. जगदीशचे कान गरम झाले. त्याने वहीचं पहिलं पान उघडलं आणि समास आखला.

नम्रताने फळ्यावर गणित मांडलं. एका वर्गात इतकी मुलं, त्यातली शेकडा इतकी गैरहजर, तर हजर किती. खडू टकटकत पुढे गेला, एक पायरी, दुसरी पायरी, तिसऱ्या पायरीला जगदीशचा धागा तुटला. शेकड्याचा अपूर्णांक कुठून आला आणि खालचे शंभर कुठे गेले, त्याला काही उमगेना.

“कळलं का?” नम्रताने विचारलं.

“हो, बाई,” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

जगदीशने हा सूर सत्तावीस वर्षं ऐकला होता. ‘हो, सर.’ ऐकून तो खूश व्हायचा, फळा पुसायचा आणि पुढच्या धड्याला लागायचा. आता पहिल्यांदाच तो त्या सुराच्या आत बसला होता, आणि त्याच्याही तोंडातून ‘हो’ निसटणारच होतं. मान तर हललीच होती. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये, बैठकांमध्ये, जिथे तिथे त्याने आयुष्यभर अशीच मान हलवली होती. नम्रताने फळा पुसायला डस्टर उचलला.

त्याने हात वर केला. 

“बाई, मला नाही कळलं.”

सगळा वर्ग मागे वळला. नम्रताही क्षणभर गांगरली. मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हळूच हात वर केला. “बाई, मलापन नाय.” मग खिडकीजवळचा एक हात. मग त्याच्या शेजारचा. मग पुढच्या रांगेत एकदम तीन. बघता बघता अर्ध्याहून जास्त वर्गाचे हात वर होते, आणि त्या सगळ्यांच्या मागे त्यांच्या मुख्याध्यापकाचा.

जगदीशने ते हात पाहिले. नम्रतानेही पाहिले. दोघांची नजर एकदा भेटली.

मग तिने डस्टर खाली ठेवला, नवा खडू घेतला, आणि तेच गणित पहिल्या पायरीपासून पुन्हा सांगायला लागली.